कारण (तीन ओळींत लिहावे)

तुमच्या फॉर्मवर कारणासाठी तीन ओळी आहेत.
मी डेल्फीन रकर, वय एकाहत्तर,
यंगस्टाउन, ओहायो. झाल्या दोन.

म्हणून पाठीमागे लिहिते.
पाठीमागे लिहू नये असं कुठे छापलेलं दिसलं नाही.

दंड शंभर डॉलर. तो चुकीचा आहे
हे म्हणायची फी पंच्याहत्तर, परत न मिळणारी.
चार आण्यांची कोंबडी, बारा आण्यांचा मसाला.
तरी भरली. पावती टाचली आहे.

कलम पहिलं : सदर घराचा क्रमांक रस्त्यावरून दिसत नाही.
खरं आहे. मार्चच्या वाऱ्यात चार गळून पडला.
आता दारावर एक, मग मोकळी जागा, मग सत्तावीस.
पितळी चार माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, चमच्यांशेजारी.
पण मग तुमची नोटीस बरोबर माझ्याच दाराला
येऊन कशी चिकटली?

कलम दुसरं : पोर्चच्या रंगाचे पोपडे.
त्या मुलानं जरा नीट बघायला हवं होतं.
निरीक्षक म्हणजे मुलगाच, बूट नवे, बेल वाजवली नाही.
जमिनीपासून माझा हात पोचतो तिथवर
रंग नवा आहे. मे महिन्यात खरवडून
रंगाचे दोन हात दिले, माझ्या एका हातानं.
दुसरा वर जात नाही; तो खांदा
इस्पितळाच्या लाँड्रीत राहिला,
तीस वर्षांच्या ओल्या चादरींखाली.
शिडी होती. ती लोन्झोनं दोन दिवसांसाठी नेली
आणि शिडीसकट कोलंबसला राहायला गेला.
नगरपालिकेकडे जास्तीची असेल तर पाठवा.

कलम तिसरं : उत्तरेकडचं गवत दहा इंचांहून उंच.
इथे मात्र तुमचाच नकाशा काढा.
उत्तरेकडची जागा माझी नाही.
ती पेत्राशांची, म्हणजे होती.
तेरा वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरात तुमचं पिवळं मशीन
सकाळी आठला आलं,
साडेअकराला माणसं डबे उघडून बसली
तेव्हा उभं काही नव्हतं.
राहिल्या सिमेंटच्या तीन पायऱ्या,
चढल्या तर नुसतं आभाळ.
कागदावर मालक : सिटी ऑफ यंगस्टाउन.

तेव्हापासून तुमचं गवत मी कापते.
मशीन माझं, पेट्रोल माझं, उन्हाळे तेरा.
बिल पाठवलं नाही, कारण
त्याचा फॉर्म तुमच्याकडे नाही. विचारलं होतं.

आता कबूलच करायचं तर,
पायऱ्यांच्या डावीकडे सतरंजीएवढा तुकडा
मी मुद्दाम सोडते.
तिथे इर्मा पेत्राशचा रुबार्ब येतो,
दर एप्रिलला, लाल देठाचा,
घर गेल्याचं त्याला कोणी कळवलेलं नाही.
मशीन तिथवर जातं आणि वळतं.
इंच मोजणाऱ्यानं पट्टी नेमकी तिथेच धरली असावी.
देठ आंबट, साखर लागते.
पानं खायची नसतात, विषारी असतात.
हे तिनं मला तीनदा सांगितलं होतं,
आणि सामानाच्या ट्रकमध्ये चढताना चौथ्यांदा.

तेवढ्या तुकड्याचा गुन्हा माझ्या नावावर लिहा.
बाकीचं गवत ज्याचं त्याच्या.

आणखी एक. तुमच्या निळ्या टेपनं
दारावरचा नवा रंग तळहाताएवढा उपटून काढला.
त्याचं कलम मी यादीत शोधलं.
शेवटच्या पानापर्यंत शोधलं.

सुनावणी मंगळवारी साडेनऊला, सहावा मजला.
बस नऊ चाळीसला पोचते, तिच्याआधीची सात पन्नासला.
म्हणजे सात पन्नासपासून मी तुमच्या बाकावर असेन.
पर्समध्ये चार असेल, पुराव्यादाखल.
सुरक्षेच्या दारातून जाताना तो वाजेल;
तेव्हा कृपया घाबरू नये.

ही तिसरी ओळ समजावी.